बरखास्त झालेली सभा ठराव कसा काय करते? (अमेरिकी वसाहती, १७६५ ते १७७६)

अभ्यासिका_३ :

नमस्कार. पुण्यात राहून यूपीएससीची तयारी करतोय. जगाच्या इतिहासात अमेरिकेच्या क्रांतीपाशी एका जागी अडलोय आणि क्लासच्या नोट्समधून सुटत नाहीये.

नोट्समध्ये असं लिहिलंय: '१७६९, व्हर्जिनियाची सभा बरखास्त. सदस्यांचा आयातबंदीचा करार.' पुढे, '१७७४, सभा पुन्हा बरखास्त. सदस्यांकडून काँग्रेसची हाक.' आता गव्हर्नरने सभा बरखास्त केली म्हणजे सदस्य हे सदस्य उरलेच नाहीत ना? मग करार केला कोणी? त्या कागदाला किंमत काय? आणि ती सभा मुळात राजाच्याच सनदेवर उभी होती. तिने राजाविरुद्ध जायचं म्हणजे ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची.

तारखा पाठ आहेत. हे घडलं कसं ते कळत नाहीये. कोणी समजावून सांगेल का?

कोरा_कागद :

कायद्याच्या भाषेत त्या कागदाची किंमत शून्य. पण मूळ पैशात शोध. गव्हर्नर राजाने नेमलेला, तरी बहुतेक वसाहतींत त्याचा पगार तिथली निवडून आलेली सभा मंजूर करायची. कर बसवायचा हक्कही तिचाच. १७६५ च्या स्टॅम्प कायद्याने ब्रिटिश संसदेने त्या हक्काला थेट हात घातला. वर्तमानपत्र, करारपत्र, परवाना, अगदी पत्त्यांचा कॅटसुद्धा, सगळ्याला मुद्रांक. भांडण चहाच्या कपाचं नव्हतं, तिजोरीची किल्ली कोणाकडे याचं होतं. एवढं धरून वाच, निम्मं सुटेल.

प्रोसीडिंग_बुक :

बाळ, तुझा प्रश्न मला फार आवडला. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एकतीस वर्षं ग्रामसेवक आणि पुढे ग्रामविकास अधिकारी म्हणून काढली, त्यातली निम्मी ग्रामसभेचं प्रोसीडिंग लिहिण्यात गेली. आता मुलगी मॅसॅच्युसेट्समध्ये असते, उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातो. तिथे गेल्यावर ही सगळी ठिकाणं पाहिली, त्यावर मिळेल ते वाचलं. बरखास्त सभा ठराव कसा करते, हे मला दोन्हीकडून सांगता येईल.

आधी आमच्याकडचं. एका दुष्काळाच्या वर्षी मी ज्या गावात होतो तिथे पाण्याच्या पाइपलाइनवरून ग्रामसभेत वाद पेटला. सरपंचांनी सभा संपली असं जाहीर केलं, कार्यालयाला कुलूप लावलं आणि निघून गेले. गाव उठलं आणि मारुतीच्या पारावर जाऊन बसलं. शाळेची दोनशे पानी वही आणली, वर तारीख टाकली, सूचक-अनुमोदक लिहिले, हात वर करून ठराव केला. पाइपलाइनची वर्गणी पंचायतीत न भरता एका गुरुजींकडे जमा करायची, असा तो ठराव. मी तिथेच उभा होतो. माझ्या काखेत शासनाचं प्रोसीडिंग बुक होतं आणि त्यात यातलं एक अक्षरही मला लिहिता येत नव्हतं. पण सभा कशी घ्यायची हे त्या लोकांना वीस वर्षांच्या सवयीने पाठ होतं, आणि पैसे गुरुजींकडे जमले. महिन्याभरात पाइप पडला.

आता सेलमला चल. बॉस्टनच्या उत्तरेला पंधरा-सोळा मैलांवर, बंदराचं गाव. १७७४ च्या उन्हाळ्यात जहाजांवरचा चहा समुद्रात बुडवल्याची शिक्षा म्हणून बॉस्टनचं बंदर बंद केलेलं होतं, आणि गव्हर्नर जनरल गेजने प्रांताची सभा बॉस्टनमधून उचलून सेलमला नेली होती. बॉस्टनच्या वाऱ्यापासून सदस्य लांब राहतील असा त्याचा हिशेब.

१७ जून १७७४. सॅम्युएल अ‍ॅडम्सच्या मंडळींनी आधी आपापसांत मतं जुळवून ठेवलेली. प्रेक्षकांना बाहेर काढलं, दार आतून बंद केलं आणि ठराव मांडला: फिलाडेल्फियात सगळ्या वसाहतींची जी बैठक (तुझ्या नोट्समधली 'काँग्रेस') होणार आहे, तिला आपले पाच प्रतिनिधी पाठवायचे. एक सरकारधार्जिणा सदस्य बरं वाटत नाही असं सांगून बाहेर पडला आणि त्याने खबर गेजकडे पोचवली असं सांगतात. गेजने लगोलग बरखास्तीचा हुकूम लिहिला आणि प्रांताचा सचिव थॉमस फ्लकर याच्या हाती दिला. फ्लकर येऊन पाहतो तर दार बंद. आत निरोप पाठवला, तर दार उघडायचं नाही असा सभेचा हुकूम. मग त्याने जिन्यावरच उभं राहून हुकूम वाचला. बाहेर जमलेली माणसं आणि चार-दोन सदस्य ऐकत होते. आत ११७ विरुद्ध १२ मतांनी ठराव झाला, प्रतिनिधींच्या खर्चासाठी ५०० पौंडांची तरतूद झाली, आणि मग सभा उठली.

ती बैठक कायदेशीर होती की नाही? हुकूम दारापर्यंत आला होता, आत वाचला गेला नव्हता. त्या काही मिनिटांच्या फटीत त्यांनी काम उरकून घेतलं. सभेचे नियम ज्याने स्वतः पाळले आणि लिहिलेत त्यालाच ही फट दिसते, म्हणून मी तुला हे इतकं सांगतोय.

दुसरं उदाहरण तर थेट माझ्या खात्यातलं. त्याच वर्षी संसदेने मॅसॅच्युसेट्सच्या कारभाराचा नवा कायदा केला. वरिष्ठ मंडळ यापुढे राजा नेमणार. गावांनी वर्षातून एकच सभा घ्यायची, एरवी गव्हर्नरची परवानगी. गेजने बॉस्टनच्या पंचांना बोलावून हे बजावलं. ते म्हणाले, आम्ही नवी सभा बोलावलेलीच नाही, मागची तहकूब केलेली सभाच चालू आहे. गेजच्या लक्षात आलं की या हिशेबाने ही माणसं एकच सभा दहा वर्षं चालवतील. आपल्याकडे तहकूब सभेला कोरम लागत नाही, हे गावातल्या प्रत्येक राजकारण्याला ठाऊक असतं. तहकुबीची ताकद तिथल्या शेतकऱ्यांनाही तेवढीच ठाऊक होती.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर ऑक्टोबर १७७४ मध्ये आहे, आणि नोट्समध्ये ते सहसा नसतं.

गेजने ५ ऑक्टोबरला सेलममध्ये नवी सभा बोलावली होती. वातावरण बघून आठवडाभर आधी ती रद्द केली. तरी नव्वद सदस्य आले. शपथ द्यायला गव्हर्नर येतो का याची वाट पाहिली. तो आला नाही. वाट पाहिली याची नोंद झाली, हे महत्त्वाचं. आम्ही आलो होतो, तुम्ही आला नाहीत, हे कागदावर आलं. ७ तारखेला त्यांनी स्वतःला 'प्रांतिक काँग्रेस' असं नाव दिलं आणि ११ तारखेला कॉनकॉर्डच्या चर्चमध्ये जाऊन बसले. अध्यक्ष जॉन हॅनकॉक. सभासद तेच, गावं तीच, कामकाजाची रीत तीच. फक्त गव्हर्नर नव्हता.

आणि त्याच महिन्यात ठराव झाला की गावांनी गोळा केलेला कर प्रांताचा खजिनदार हॅरिसन ग्रे याच्याकडे भरू नये, आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनर यांच्याकडे भरावा.

हा ठराव वाचला तेव्हा मला तो पार आठवला आणि ते गुरुजी आठवले. स्वातंत्र्याचा जाहीरनामा यायला अजून पावणेदोन वर्षं होती, लेक्झिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटायला सहा महिने. पण घरपट्टी ज्या दिवशी दुसऱ्या माणसाकडे भरली जाऊ लागली, त्या दिवशी त्या गावापुरतं राज्य बदललं, असं माझं मत आहे. सगळ्या गावांनी पैसे लगेच भरले असं नाही, बरीच रेंगाळली. पण ग्रेकडेही भरले नाहीत.

अजून एक. हे सगळं एका उन्हाळ्यात जमलेलं नाही. १७६८ मध्ये याच सभेने संसदेच्या करांविरुद्ध इतर वसाहतींना एक परिपत्रक पाठवलं होतं. लंडनहून मंत्री हिल्सबरोचा हुकूम आला, परिपत्रक मागे घ्या. ३० जूनला मतदान झालं: मागे घेऊ नये ९२, घ्यावं १७. सभा बरखास्त. बॉस्टनच्या कलासंग्रहालयात पॉल रिव्हिअरने त्या ९२ जणांच्या स्मरणार्थ घडवलेलं चांदीचं भांडं आहे. रुंद तोंड, खाली अरुंद बैठक, काठाभोवती ते घडवून घेणाऱ्या पंधरा जणांची नावं. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा होतो. 'आधीच्या सभेचा ठराव रद्द करावा' हा अजेंड्यावरचा विषय मी शंभर वेळा लिहिला असेन. तो फेटाळला म्हणून कोणी चांदीत कोरून ठेवलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

हिल्सबरोने बाकीच्या गव्हर्नरांनाही लिहिलं होतं, परिपत्रकाची दखल घेणारी सभा बरखास्त करा. त्यामुळे जे भांडण एका वसाहतीचं होतं ते सगळ्यांचं झालं.

पुढे १७७२ मध्ये गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार सीमाशुल्काच्या पैशातून परस्पर द्यायचं ठरलं. म्हणजे सभेच्या हातातली पगाराची दोरीच कापली. सभा भरवायला गव्हर्नर तयार नाही, म्हणून सॅम्युएल अ‍ॅडम्सने २ नोव्हेंबरला बॉस्टनच्या नगरसभेत २१ जणांची पत्रव्यवहार समिती नेमून घेतली. काम एकच: आपलं म्हणणं छापायचं, गावोगाव पाठवायचं आणि 'तुमचं काय म्हणणं' विचारायचं. शंभराहून जास्त गावांनी सभा घेऊन उत्तरं दिली. एका प्रांतातल्या शंभर गावांना एकाच विषयावर ग्रामसभा घ्यायला लावणं किती अवघड असतं ते मला विचार. सेलमचं दार बंद झालं तेव्हा त्यामागे ही दोन वर्षांची पत्रं होती.

जेम्सकाठ :

काकांनी मॅसॅच्युसेट्स सांगितलं, मी व्हर्जिनिया सांगते. व्हर्जिनियाची तेव्हाची राजधानी विल्यम्सबर्ग, तिथून वीसेक मिनिटांवर राहते. पाहुणे आले की सगळ्यांना तिथे नेते, त्यामुळे त्या रस्त्यावरची एकेक इमारत पाठ झाली आहे.

व्हर्जिनियाची सभा, 'हाउस ऑफ बर्जेसेस', सगळ्यात जुनी. ३० जुलै १६१९ ला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये पहिल्यांदा भरली. म्हणजे १७६५ येईतो त्या लोकांच्या पाच-सहा पिढ्या मतदान, ठराव, समित्या यांतच वाढल्या होत्या. काकांनी सांगितलेली सवय ती हीच.

१७६५ चा एक प्रसंग प्रोसीडिंगशी जोडलेला आहे म्हणून सांगते. अधिवेशन संपत आलेलं, बरेचसे सदस्य घरी गेलेले, ११६ पैकी ३९ उरलेले. पॅट्रिक हेन्री हा नुकता निवडून आलेला, २९ वर्षांचा वकील. त्याने स्टॅम्प कायद्याविरुद्ध ठराव मांडले. पाच मंजूर झाले, पाचवा एका मताने. हेन्री गावाकडे निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांनी तो पाचवा ठराव रद्द करून टाकला. पण वर्तमानपत्रांपर्यंत यादी आधीच गेली होती, आणि त्यांनी रद्द झालेला आणि कधी मंजूरच न झालेला मजकूरही व्हर्जिनियाचे ठराव म्हणून छापला. इतर वसाहतींना वाटलं व्हर्जिनियाने एवढं ठणकावलंय, मग आपण कसं मागे राहायचं. त्या ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे २७ प्रतिनिधी बसले. त्यात व्हर्जिनिया नव्हतीच, कारण प्रतिनिधी निवडायला सभाच भरू दिली नव्हती.

आता तुझा १७६९ चा करार. गव्हर्नर बॉटेटॉर्टने १७ मे ला सभा बरखास्त केली. मंडळी कॅपिटलमधून, म्हणजे सभेच्या इमारतीतून, निघाली आणि त्याच रस्त्यावरच्या रॅले टॅव्हर्नमध्ये, अपोलो नावाच्या मोठ्या खोलीत शिरली. अंतर किती? रमत-गमत चाललं तरी पाच मिनिटं लागत नाहीत. जाऊन पहिलं काय केलं तर अध्यक्ष निवडला. कोण? पेटन रँडॉल्फ, जो अर्ध्या तासापूर्वी सभेचा सभापती होता. दुसऱ्या दिवशी जॉर्ज मेसनचा मसुदा पुढे आला. तो मांडला जॉर्ज वॉशिंग्टनने, आणि सह्या झाल्या. करार कोणी केला याचं उत्तर सरळ आहे. सभेचे सदस्य ('बर्जेस') म्हणून नाही, 'वसाहतीतल्या मतदारांचे आतापर्यंतचे प्रतिनिधी' म्हणून सह्या केल्या. कायद्याचा जोर नाही, अब्रूचा जोर. इंग्लंडचा अमुक माल घेणार नाही, असं वचन.

मूळ टॅव्हर्न १८५९ मध्ये जळून गेलं, आज दिसतं ते १९३० च्या सुमारास पुन्हा उभारलेलं आहे. तरी त्या खोलीत उभं राहून पाहिलं की कळतं, ८०-९० माणसं तिथे दाटीवाटीनेच मावली असतील.

१७७४ मध्ये हेच परत. बॉस्टनचं बंदर बंद होणार त्या १ जूनला उपास आणि प्रार्थनेचा दिवस पाळा, असा ठराव केला म्हणून गव्हर्नर डनमोरने २६ मे ला सभा बरखास्त केली. उपासाचा ठराव म्हणून! दुसऱ्या दिवशी ८९ जण पुन्हा अपोलो खोलीत. आणि त्याच रात्री लेडी डनमोरच्या मानार्थ ठरलेला नाच या मंडळींनी रद्द न करता साजरा केला. अजून घरातलं भांडण होतं ते. नंतर ऑगस्टमध्ये 'कन्व्हेन्शन', म्हणजे गव्हर्नरशिवायची सभा, भरलं. मतदार तेच, बहुतेक माणसं तीच, अध्यक्ष पुन्हा पेटन रँडॉल्फ. ५ सप्टेंबरला फिलाडेल्फियाच्या कार्पेंटर्स हॉलमध्ये पहिली काँग्रेस बसली तेव्हा तिचा अध्यक्षही तोच. एकच माणूस तीन खुर्च्यांवर बसलेला बघितलास की बरखास्तीने नक्की काय मोडलं आणि काय नाही ते दिसतं.

एक गोष्ट मात्र मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. अपोलो खोलीत बसलेल्यांत बरेच जण गुलामांचे मालक होते. मत फक्त जमीनवाल्या गोऱ्या पुरुषांना. विल्यम्सबर्गच्या लोकसंख्येत तेव्हा निम्मी माणसं काळी होती, बहुतेक गुलामीतली. त्या बैठकांत वाढणारे, दिवे लावणारे, घोडे धरणारे तेच असणार. नोव्हेंबर १७७५ मध्ये डनमोरने जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम राजाच्या फौजेत येतील ते मुक्त. शेकडो जण जीव धोक्यात घालून त्याच्याकडे पळाले. 'प्रतिनिधित्वाशिवाय कर नाही' असं उत्तरात लिहिशील तेव्हा ही माणसं डोळ्यांपुढे ठेव.

अभ्यासिका_३ :

काका, ताई, खरंच मनापासून आभार. दोनदा वाचलं. एक विचारू? सगळ्याच सभा अशा होत्या का? ज्या सभेला स्वातंत्र्य नकोच होतं तिचं काय झालं?

कोरा_कागद :

पेनसिल्व्हेनिया बघ. तिथली सभा बरखास्त झालीच नाही, म्हणून तिला गव्हर्नरशिवाय बसायची सवयही लागली नाही. नोव्हेंबर १७७५ मध्ये तिने आपल्या प्रतिनिधींना बजावलं होतं की स्वातंत्र्याचा प्रस्ताव आला तर विरोध करा. आणि काँग्रेस बसत होती ती त्याच सभेच्या इमारतीत! मे १७७६ मध्ये काँग्रेसने सांगितलं की राजाच्या नावावर चालणारी सत्ता आता बंद व्हावी, लोकांच्या अधिकाराने नवी सरकारं उभारा. २० मे ला इमारतीच्या अंगणात हजारो लोक पावसात उभे राहिले आणि जुनी सभा आम्हाला चालणार नाही म्हणाले. जूनमध्ये गावोगावच्या समित्यांची वेगळी परिषद भरली आणि जुनी सभा कोरमअभावीच विझली.

प्रोसीडिंग_बुक :

कोरमअभावी. हे बरोबर सांगितलंत.

समित्यांचं एक राहिलं म्हणून परत लिहितो. पहिल्या काँग्रेसने २० ऑक्टोबर १७७४ ला जो बहिष्काराचा करार केला, त्याच्या अकराव्या कलमात होतं की प्रत्येक काउंटी, शहर आणि गावात मतदारांनी एक समिती निवडावी. कोण माल आणतो ते पाहायचं, मोडणाऱ्याचं नाव वर्तमानपत्रात छापायचं. वरची सभा रोज भरत नाही. दुकानदाराच्या दारात रोज जाणारी ही समिती होती, आणि तिच्यात पूर्वी कधी निवडून न आलेली साधी माणसं पहिल्यांदा आली. हीच चाकं पुढे फौज आणि दाणागोटा उभा करायला लागली.

जेम्सकाठ ताई, त्या बर्जेसेसच्या दप्तरातलं शेवटचं पान तुम्ही सांगाल असं वाटलं होतं. सांगा ना.

जेम्सकाठ :

हो काका, तेच लिहिणार होते.

१७७५ च्या जूनमध्ये डनमोर रात्रीतून पळून युद्धनौकेवर गेला. सभा मात्र रीतसर तहकूब होत राहिली, कारण तिला कोणी बरखास्त केलं नव्हतं. ६ मे १७७६ ही पुढची तारीख. त्याच दिवशी त्याच गावात पाचवं कन्व्हेन्शन सुरू होणार होतं. सकाळी काही सदस्य आले. कारकुनाने नोंद केली की अनेक सदस्य जमले, पण बर्जेसेसची सभा म्हणून त्यांनी कामकाजही केलं नाही आणि तहकुबीही केली नाही. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'फिनिस'. समाप्त.

नऊ दिवसांनी, १५ मे ला, कन्व्हेन्शनच्या हजर ११२ सदस्यांनी एकमताने ठराव केला की आपल्या प्रतिनिधींनी काँग्रेसमध्ये स्वातंत्र्याचा प्रस्ताव मांडावा. कॅपिटलवरचा ब्रिटिश झेंडा उतरला. ७ जूनला रिचर्ड हेन्री ली यांनी तो प्रस्ताव फिलाडेल्फियात मांडला आणि २ जुलैला तो मंजूर झाला. न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींना घरून परवानगी नव्हती म्हणून ते गप्प राहिले. त्यांची मंजुरी ९ तारखेला आली.

प्रोसीडिंग_बुक :

बाळ, ती नोंद नीट वाच. 'तहकुबीही केली नाही.' तहकूब केली असती तर सभा जिवंत राहिली असती, आणि राजाच्या नावाने पुन्हा कधीतरी भरवता आली असती. आम्ही बुक संपलं की शेवटच्या नोंदीखाली आडवी रेघ मारतो, सही करतो, म्हणजे मागाहून कोणाला त्यात काही घुसडता येत नाही. त्या कारकुनाने तेच केलं. आणि जमलेले सदस्य तिथून उठून कन्व्हेन्शनला गेले.